पेशकारसाहेबांची हिफाजत

पार्सल कानाशी धरून हलवायची वेळ आली की माझे परभणीचे घरमालक सगळ्या घराला गप्प बसवायचे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, हातातला बत्ता खाली ठेवायचा, मी वह्यांची पानं उलटायची नाहीत आणि ओट्यावर कुणी खाकरत बसलं असेल तर त्यानं खाकरणं गिळायचं. मग ते डोळे मिटून, मान तिरपी करून पार्सल कानाला लावत आणि तान्ह्या पोरापुढं खुळखुळा धरावा तसं हलवत. आतून कसलाच आवाज आला नाही की म्हणत, "झोपला. आता काश्मीरला पाठवा न्हाईतर मद्रासला."

आत एक जुनं नाणं असायचं. बहुतेक वेळा निजामाच्या टांकसाळीतलं.

हे गृहस्थ निजामाच्या राजवटीत तहसील कचेरीत पेशकार होते. म्हणजे साहेबापुढं कागद सरकवायचा आणि सही झाली की ओढून घ्यायचा, एवढं त्यांचं कर्तृत्व. राजवट गेली, कचेरीवरचा झेंडा बदलला, त्यांना पेन्शनही बसली. पण गल्ली त्यांना पेशकारसाहेब म्हणायची आणि ते स्वतःही स्वतःला तसंच म्हणायचे. "पेशकारसाहेबांना दुपारचं उठवायचं न्हाई," हे ते मला पहिल्याच दिवशी स्वतःबद्दल म्हणाले, तेव्हा मला क्षणभर वाटलं, घरात आणखी कुणी थोर माणूस झोपलेला आहे.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नवी शिक्षिका म्हणून लागले होते. गंगाखेडहून एस.टी.नं ट्रंक घेऊन आले आणि खोली शोधत फिरले. खोली रिकामी असायची, पण माझं आडनाव ऐकलं की ती त्याच सकाळी कुणाला तरी दिलेली निघायची. पेशकारांनी आडनाव ऐकलं, जरा थांबले आणि विचारलं, "इंग्रजी लिहिता येतं?"

"येतं."

"भिंतीवर तसबीर कुणाची लावणार?"

"बुद्धाची."

त्यांनी बराच विचार केला. कलकत्त्याच्या आणि मद्रासच्या नाणेवाल्यांना इंग्रजीत पत्रं लिहून देणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि मी दारात उभी होते. "लावा," ते म्हणाले. "पण आमच्या रांजणाला हात लावायचा न्हाई. तुमचं पाणी तुमी नळावरून आणायचं."

खोलीची गरज होती. मी ट्रंक आत घेतली.

पुढं मला या माणसाची एक गंमत दिसली. जो रुपया कोण जाणे किती जणांच्या कनवटीला लागलेला, किती घामट मुठींतून फिरलेला, तंबाखूच्या चंचीत आणि खाटकाच्या गल्ल्यात पडून आलेला, तो ते ओठांशी नेऊन त्यावर हळुवार फुंकर घालायचे. माझ्या हातचा चहा मात्र त्यांना पित्ताचा वाटायचा.

नाणी विकणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते अदलाबदल करायचे. त्यांच्यासारखेच काही लोक गावोगाव होते, आणि आपलं एक नाणं देऊन दुसऱ्याचं एक घ्यायचं, असा टपालातून व्यवहार चालायचा. या सगळ्यात नाण्यांपेक्षाही जास्त गर्व त्यांना बांधणीचा होता. "सिक्का कुणीबी जमवतो. हिफाजत कुणाला येते?" हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं, की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

त्यांची हिफाजत अशी. आधी धुतलेल्या मलमलचा तुकडा. मग जाड पुठ्ठ्याला नाण्याच्या मापाचं नेमकं गोल भोक, त्यात मलमलीत गुंडाळलेलं नाणं बसवायचं. वर एक पुठ्ठा, खाली एक पुठ्ठा, आणि चारी बाजूंनी टाके. डिंक चालायचा नाही, कारण तो सुटतो आणि चिकटतो. रबर चालायचं नाही, त्यानं चांदी काळी पडते. वर्तमानपत्र चालायचं नाही, शाई उतरते. मग तपकिरीची पत्र्याची डबी, तिच्यात सरकी काढलेला कापूस दाबून भरलेला, मधोमध पुठ्ठा. डबीवर मांजरपाटाची पिशवी, तिला बारीक टाके, आणि प्रत्येक शिवणीवर लाख वितळवून मोहर. नाणं पाठवायचं तर टपालाचा नियमच होता की विमा उतरवलेलं, लाख लावलेलं पार्सल पाहिजे. पण टपालखात्याला जेवढी लाख लागायची, त्याच्या कितीतरी पट पेशकार ओतायचे. टपालातले बाबू ते पार्सल दोन बोटांत धरून म्हणायचे, "पेशकारसाहेब, यात सिक्का हाय का बाळंतीण?"

शिवण्याचं सगळं काम काकूंचं. साहेब पुठ्ठा कापायचे, नाणं आत ठेवायचे आणि हुकूम सोडून आत पडायचे. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून चष्मा सावरत टाके घालायच्या. जागे झाल्यावर साहेब एकेक टाका नखानं उचकटून बघायचे. एखादा सैल निघाला की सगळं उसवायला लावायचे. कानाला लावून हलवणं आणि लाखेवर मोहर उठवणं, ही दोन कामं मात्र ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

नागपूरच्या एका डॉक्टरांना एकदा असंच पार्सल गेलं. त्यांना ते उघडेना. कात्री मोडली, चाकू घसरला, तेव्हा त्यांनी शेवटी सुताराला बोलावलं आणि त्यानं डबीवर करवत चालवली. आतल्या नाण्याच्या मधून एक खोल चर गेला. डॉक्टरांचं रागाचं पत्र मीच वाचून दाखवलं. मला वाटलं, पेशकार हळहळतील. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा! करवत लागली! करवत!" आणि मला उत्तर लिहायला लावलं, की उघडण्यासाठीही अक्कल लागते.

त्याच महिन्यात काकूंना बहिणीकडे बांगड्या पाठवायच्या होत्या. बहीण बाळंत झालेल्या लेकीजवळ, तिच्या सासरी दूर खेड्यात होती. काकूंनी हौसेनं हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या आणि नवऱ्यापुढं ठेवल्या. "जरा तुमच्यासारखं बांधून द्या की. थोडा कापूस लागंल."

"कापूस सिक्क्याचा हाय," साहेब म्हणाले. "बांगड्या फुटण्यासाठीच असतात."

काकूंनी त्या जुन्या फडक्यात बांधून पाठवल्या. सगळ्या फुटून पोचल्या. बहिणीनं तुकड्यांसकट निरोप धाडला, की रंग छान होता.

मी हे सगळं बघत होते आणि मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालत होते. कधी कधी त्यांच्यासारखं बोलून शाळेत मैत्रिणींना हसवतही होते. पण नंतर जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

काकूंजवळ एक रुपयांचा हार होता. जुन्या चांदीच्या रुपयांना कड्या जोडून, रेशमाच्या दोऱ्यात ओवलेला. तो त्यांच्या आईचा. आईचं गाव येलदरीच्या धरणात गेलं होतं. एकदा काकू मला म्हणाल्या होत्या, "लोक माहेराला जात्यात. आमी काय करावं? धरणाच्या भिताडावर उभं ऱ्हावं अन् पाण्याकडं बोट दाखवावं, तितं आमचं घर व्हतं म्हून." हार पेटीत असायचा. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी तो बाहेर काढला आणि चिंच लावून घासायला बसल्या. नेमके तेव्हाच साहेब झोपेतून उठले.

त्यांनी हार उचलला, उजेडाला धरला आणि एकेक रुपया फिरवून बघू लागले. हारातले बाकीचे रुपये साधेच होते. पण एकावर कोरलेल्या चारमिनारच्या कमानीतलं निजामाच्या नावाचं अक्षर अर्धवटच उमटलेलं होतं. तसला रुपया थोडेच दिवस पाडला गेला, मग अक्षर पुरं केलं, असं ते भराभर सांगायला लागले. इतकी वर्षं आपण हैदराबादला, पुण्याला हात पसरतोय आणि तो आपल्याच घरात, एका बाईच्या पेटीत!

"किती वर्षं लपवून ठिवलंस हे?" त्यांनी काकूंना विचारलं.

"लपवायचं काय? लग्नात गळ्यात व्हता की."

साहेबांनी तिथल्या तिथं पक्कड आणली आणि कडी कापून तो रुपया काढून घेतला. कापताना सारखे हळहळत होते. "काय वाटोळं केलंय सिक्क्याचं! बैलाला वेसण घालावी तशी कडी घातलीय!" काकूंचा हात उचललेला तसाच राहिला होता. बाकीचा हार त्यांच्या मांडीवर टाकून साहेब म्हणाले, "बाकीचं भंगार हाय. घाल खुशाल."

लग्नात काकूंनी हार घातला नाही. दोन रुपयांच्या मधली जागा लोकांना दिसली असती.

हैदराबादला एक वकील होते. त्यांच्याजवळ दौलताबादच्या टांकसाळीचं एक नाणं होतं, ज्यावर पेशकारांचा फार दिवस डोळा होता. अर्ध्या अक्षराचा रुपया पाठवतो, तुम्ही दौलताबादचं द्या, असं ठरलं. मीच ते पत्र लिहिलं. लिहिताना काकूंकडं बघवत नव्हतं. त्या पलीकडं ज्वारी निवडत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

पार्सलाचा दिवस म्हणजे घरात सणच. नवी मलमल आली. साहेबांनी पुठ्ठ्याला तीनदा भोक पाडलं आणि दोनदा नापसंत केलं. शेवटी रुपया त्यात बसवून, काकूंपुढं ठेवून, "एक टाका हुकला तर बघ," म्हणत ते झोपायला गेले. काकूंनी शिवलं. दुपारी उठून साहेबांनी टाके तपासले. घर गप्प केलं. कानाला लावलं. "झोपला," म्हणाले, आणि एवढी लाख ओतली की गल्लीतली पोरं वास घेत दाराशी जमली.

पुढं काही आठवडे साहेब रोज पोस्टमनची वाट बघत होते. पोस्टमन आला नाही. एका रविवारी सकाळी खुद्द वकीलच आले. औरंगाबादला एका लग्नाला चालले होते, वाटेत परभणीला उतरले आणि रिक्षा करून थेट घरी. शेरवानी, टोपी, पांढरी दाढी, बोलणं मऊ. मी बैठकीच्या दाराशी वह्या तपासत होते. साहेबांनी त्यांना लोडाशी बसवलं, पानाचं तबक पुढं केलं. वकिलांनी पानाला हात लावला नाही. खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि आतलं नाणं गादीवर ठेवलं.

"पेशकारसाब, ये क्या मजाक है?"

नव्या टांकसाळीचा, कोरा करकरीत रुपया होता. आपण बाजारात भाजीवालीला देतो तसला.

साहेबांचा चेहरा मातीसारखा झाला. ते ओरडले, "टपालात बदलला! चोर हायत सगळे!"

"ऐसा नक्को बोलो हजरत," वकील म्हणाले. "मोहर सलामत थी. टाके सलामत थे. मुंशी के सामने ब्लेड से खोला मैंने, हाथ दुखने लगे. आपीच तो हर बार लिखते थे ना, के ये पार्सल फरिश्ता भी नहीं खोल सकता?"

साहेबांनी बांधणी कच्ची होती असं म्हणावं, तर आयुष्यभराचा गर्व गेला. बांधणी पक्की होती म्हणावं, तर चोरी घरातच झाली, नाहीतर त्यांनी स्वतःच वकिलांना फसवलं. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"घरात परकं माणूस एकच हाय," ते म्हणाले. "सगळ्यांनी सांगितलं व्हतं, या लोकांना खोली देऊ नका म्हून. मीच ऐकलं न्हाई."

माझ्या हातातली लाल शाईची लेखणी वहीवर टेकलेलीच राहिली. शाळेत मी अजून कायम झाले नव्हते. चोरीचा नुसता बोभाटा झाला असता तरी नोकरी गेली असती, आणि मग माझ्या मागून येणाऱ्या कुणाही मुलीला त्या शाळेत कोणत्या नजरेनं पाहिलं असतं तेही मला ठाऊक होतं. मी उठले.

"पोलिसाला बोलवा," मी म्हणाले. "मी इथंच बसते. पण माझ्या सामानाला हात लावाल तर याद राखा."

ते ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हते. माझ्या खोलीत शिरले, ट्रंक ओढत बैठकीत आणली आणि माझी लुगडी उपसायला लागले. वकील उभे राहून "अरे, अरे, पेशकारसाब" करत होते. गल्लीतली दोन माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली.

"ठिवा ते झाकण खाली."

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. कोपरापर्यंत पीठ होतं. परक्या पुरुषापुढं त्या कधी येत नसत.

"मी काढला त्यो," त्या म्हणाल्या. "शिवताना. बाईच्या ट्रंकंत काय हुडकायलाव?"

साहेब माझं एक लुगडं हातात धरून तसेच उकिडवे बसून राहिले. "का?"

"माझा हाय म्हून."

"आणि हे? हे काय ठिवलंस आत?"

"रुपयाच्या जागी रुपयाच ठिवला की," काकू म्हणाल्या. "चोरी कशाची?"

वकिलांना हसू आवरेना. दाढीवर हात ठेवून ते गदागदा हलायला लागले आणि मग आपण दुसऱ्याच्या घरात आहोत हे आठवून एकदम गंभीर झाले. मी मात्र साहेबांकडं बघत होते. आता हा माणूस बायकोवर हात उचलणार, असं मला वाटलं, आणि मी दोघांच्या मधे जायच्या तयारीनं एक पाऊल पुढं टाकलं. साहेब उठले. त्यांनी विचारलं,

"कशात ठिवलास? कागदात का फडक्यात?"

"गळ्यात."

"गळ्यात! अगं, घाम लागतोय! चांदी हाय ती!"

काकूंनी पिठाच्या हातानं पदराखालून हार बाहेर ओढला. सोनाराकडून नवी कडी झाळून घेतलेली होती. रुपया आपल्या जागी होता. साहेबांनी हात पुढं केला, तशा काकू एक पाऊल मागं सरल्या.

"हात लावायचा न्हाई. दुरून बघा."

वकिलांनी रुपया बघायला खिशातून भिंग काढलं होतं. साहेबांनी ते न विचारता ओढून घेतलं, वाकले आणि बायकोच्या गळ्याशी भिंग धरून बघत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी त्या गळ्याकडं इतकं निरखून कधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. तेव्हाही ते गळ्याकडं बघतच नव्हते.

"झाळ लय जाड भरलीय सोनारानं," शेवटी ते म्हणाले. "कमानीच्या कडंला उतरलीय."

"झालं का बघून?" म्हणत काकूंनी पदर ओढला आणि त्या आत वळल्या.

वकिलांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. काकूंकडं न बघता, जमिनीकडं बघत म्हणाले, "भाभी, अमानत आपके पासीच अच्छी है." मग गादीवरचा नवा रुपया उचलून साहेबांच्या हातात द्यायला लागले.

"त्यो माझा हाय," काकू आतूनच म्हणाल्या. "भाजीचा व्हता. इकडं द्या."

वकिलांनी तो उंबऱ्यावर ठेवला आणि सलाम करून निघाले. त्यानंतर त्यांनी पेशकारांशी अदलाबदल केली नाही. त्यांच्याकडून ही गोष्ट इतरांना कळली असावी, कारण कलकत्त्याहून, मद्रासहूनही उत्तरं यायची थांबली. साहेब पुठ्ठे कापत राहिले. पाठवायला पत्ता उरला नव्हता.

साहेबांनी माझी क्षमा मागितली नाही. ट्रंक बैठकीतून परत माझ्या खोलीत मीच ओढून नेली. मी दुसरी खोली शोधली. या वेळी आमच्याच समाजातल्या एका कारकुनाच्या घरी मिळाली, आणि महिना संपताच निघाले. साहेब ओट्यावर बसले होते. माझं सामान बघून त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

"का हो बाई? छत गळायलंय का?"

"तुम्ही मला चोर म्हणाला होता," मी म्हणाले.

ते आठवायला लागले. कपाळाला आठ्या पडल्या. कुठली तरी किरकोळ बाब आठवायचा त्रास दिल्यासारखा चेहरा केला. "पण ते तर मिटलं की," ते म्हणाले. "सिक्का घरातच सापडला न्हाई का?"

या माणसाला समजावून सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. आजही नाही.

काकूंचा निरोप घ्यायला मी मागच्या अंगणात गेले. त्या खाटेवर पापड वाळत घालत होत्या. हार पदराच्या बाहेर होता, भर उन्हात. चांदीला ऊन चालत नाही, आत ये, काळी पडेल, असं ओट्यावरून कुणीतरी ओरडून सांगत होतं. काकूंनी मला बसायला खाटेवरची जागा करून दिली आणि पुढचा पापड पसरला.